डार्लीन कोपेकी आणि अठरा जणांचं बिग टेन

डार्लीन कोपेकीला एखादी गोष्ट समजली नाही, असं गावाने कधी पाहिलं नव्हतं. एकतीस वर्षं तिने आयोवातल्या खडीच्या रस्त्यांवर गाडी हाकत टपाल वाटलं. कुणाची मुलगी कुठे शिकायला गेली, कुणाची टपालपेटी बर्फ ढकलणाऱ्या गाडीने पाडली, सगळं तिला तोंडपाठ. निवृत्त झाल्यावर एकच काम उरलं, तेही वडिलांकडून आलेलं. मार्सीच्या कॅफेतला फळा.

गावाच्या पूर्वेला तासाभरावर एक विद्यापीठ, पश्चिमेला तासाभरावर दुसरं. पूर्वेचं 'बिग टेन' नावाच्या गटात खेळायचं, पश्चिमेचं 'बिग ट्वेल्व्ह'मध्ये. त्यामुळे बास्केटबॉलचा मोसम आला की गाव उभं चिरलं जायचं. चर्चमध्ये एका बाकावर बसणारी माणसं कॅफेत टेबलं बदलायची. कुठला गट भारी, हा वाद मिटवायला डार्लीनच्या वडिलांनी फळा टांगला. नियम सोपा होता. एका गटातल्या कॉलेजने दुसऱ्या गटातल्या कॉलेजला हरवलं की जिंकणाऱ्याच्या गटाखाली खडूची एक रेघ. नाताळपर्यंत ज्याच्या रेघा जास्त, तो भारी. हरणाऱ्या बाजूच्या म्होरक्याने जानेवारीतल्या पहिल्या शनिवारी कॅफेची भांडी घासायची.

डार्लीन बिग टेनची म्होरकी. समोरचा म्होरक्या लाइल ट्वेट, जन्मभर मक्याचं बियाणं विकलेला, उंच, किडकिडा, थोडं कमी ऐकू येणारा. दोघांनीही आलटून पालटून भांडी घासली होती आणि कधी कुरकुर केली नव्हती.

मग कॉलेजांच्या गटांची फेररचना झाली. टीव्हीवाल्यांच्या पैशांच्या ओढाताणीत पश्चिम किनाऱ्याचा जुना गट फुटला. त्यातले चार संघ बिग टेनमध्ये आले, चार बिग ट्वेल्व्हमध्ये. बिग टेनमध्ये आधीच चौदा होते; आता नावात दहा आणि घरात अठरा. पलीकडे नावात बारा आणि घरात सोळा. डार्लीनने ते वर्तमानपत्रात वाचलं, पुन्हा वाचलं, कात्रण फ्रिजवर लावलं. तरी तिला ते पटेना.

"समुद्रकाठच्या पोरांचं आपल्यात काय काम?" ती मार्सीला म्हणाली.

"मला काय विचारतेस? मला फक्त किती कोलाचे लागतील ते सांग," मार्सी म्हणाली. कोलाचे म्हणजे जर्दाळू भरलेले गोड पाव; ते शनिवारी दहाच्या आत संपायचे, आणि मार्सीला जगात तेवढीच काळजी होती.

डिसेंबरच्या मध्यावर घोळ झाला. लॉस एंजेलिसच्या एका संघाने ॲरिझोनाच्या एका संघाला हरवलं. दोघंही परवापर्यंत एकाच गटातले, वर्षानुवर्षांचे शेजारी. आता एक बिग टेनचा, दुसरा बिग ट्वेल्व्हचा. डार्लीनने खडू उचलला आणि आपल्या बाजूला रेघ ओढली.

"थांब, पोस्टमास्तरीण," लाइल मागून म्हणाला. "ही रेघ कसली?"

"आम्ही जिंकलो."

"तुम्ही? तू कधी लॉस एंजेलिसला गेली आहेस का?"

"नाही गेले. पण ते आमच्यात आहेत."

"अगं, ते त्यांचं घरातलं भांडण आहे. दोन भाऊ वेगळे झाले, एक तुझ्याकडे भाड्याने राहिला, एक माझ्याकडे. त्यांनी एकमेकांच्या कानफटात मारली, तर तुझा विजय कसा?"

"पत्ता बदलला की टपाल नव्या पत्त्यावरच जातं, लाइल. मी तेच केलंय आयुष्यभर."

"बरं. मग घरात कोण राहतं ते तरी सांग. गेल्या वर्षी आमच्याकडून खेळणारा तो डावखुरा आता तुमच्याकडे आहे. त्याने परवा आम्हालाच हरवलं. ती रेघ कुणाची?"

डार्लीनचा खडू हवेतच राहिला. लाइलने टोपी घातली आणि कॉफी अर्धी टाकून तो निघून गेला.

पुढचे दोन शनिवार तो आला नाही. डार्लीन घरी स्वयंपाकघरातल्या टेबलावर कागद घेऊन बसली. सगळे संघ धरले तर बिग टेन नऊ, बिग ट्वेल्व्ह आठ. ती वादाची मॅच काढली तर आठ-आठ. दोन्हीकडचे फक्त जुने संघ धरले तर बिग ट्वेल्व्ह सहा, बिग टेन पाच. एकाच हिवाळ्याची तीन उत्तरं. मग नेब्रास्का आठवलं. ते आधी लाइलच्या गटात होतं, नंतर तिच्या. ते जुनं की नवं? कोलोराडो तर लाइलच्या गटातून रुसून गेलं, तेरा वर्षांनी परत आलं. त्याला काय म्हणायचं? शेवटी तिने पेन्सिल ठेवली आणि कोट चढवला.

लाइलचं घर गावाबाहेर दोन मैलांवर. दुपारची वेळ होती. दार त्यानेच उघडलं, आणि ती काही बोलायच्या आत म्हणाला, "बरं झालं आलीस. मला माझे सोळा सापडत नाहीत."

टेबलावर त्याच्याही पुढ्यात कागद होता. पंधरा नावं लिहिली होती, दोन खोडून पुन्हा लिहिलेली.

"फ्लोरिडावाले लिहिलेस का?" तिने विचारलं.

"ते आमच्यात आहेत?"

"आहेत."

"कधीपासून?"

"ते मला विचारू नकोस." ती बसली. "माझे अठरा मोज बरं."

तिने बोटांवर नावं घेतली. सतरावर थांबली. पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली, पुन्हा सतराच. लाइलने एक नाव सुचवलं, ते त्याच्याच गटातलं निघालं. लाइलने आपला कागद उलटा करून ठेवला.

"मी रागावून गेलो नव्हतो, डार्लीन," लाइल म्हणाला. "मला वाटलं, माझंच डोकं काम करेनासं झालं. घरचेही तसंच म्हणत होते."

"डोकं तुझं ठीक आहे," ती म्हणाली. "निदान माझ्याइतकं तरी."

त्या जानेवारीत दोघांनी मिळून भांडी घासली. डार्लीन साबण लावत होती, लाइल विसळत होता. कोण हरलं म्हणून विचारणाऱ्याच्या हातात दोघं ताटल्या पुसायचं फडकं द्यायची. मार्सीने मात्र लाइलने विसळलेल्या ताटल्या गुपचूप पुन्हा धुतल्या.

पुढच्या शरद ऋतूत डार्लीनने फळा पुसला आणि दोनच्या जागी तीन रकाने आखले. तिसऱ्यावर लिहिलं, 'सांगता येत नाही'. लोक आधी हसले, मग वाद घालू लागले की कुठली मॅच तिसऱ्यात जायला हवी. नोव्हेंबरअखेरच्या थँक्सगिव्हिंगच्या सणापर्यंत तो रकाना इतर दोन्हींपेक्षा लांब झाला होता. डार्लीनला ते बरोबर वाटायचं की चूक, हे तिचं तिलाही कळत नव्हतं. ती शनिवारी सकाळी यायची, फळ्यासमोर उभी राहायची, आणि खडू हातात धरून आधी लाइलकडे बघायची.