कोलशेतला वर काढलेला मचवा

आज सकाळी कल्याणच्या बंदरावर कुणी होडीला डांबर फासत होतं. तो वास आला आणि तरुणपणी मी जिच्यावर खलाशी होतो, ती आगबोट डोळ्यांपुढे उभी राहिली. पूर्वी ती आरमारात होती. मोठ्या जहाजांसाठी नांगरसाखळ्या टाकायच्या आणि बुडालेली गलबतं वर काढायची, हेच तिचं काम. जुनी झाल्यावर एका व्यापाऱ्यानं ती घेतली, आणि आम्ही खाडीतले बुडालेले मचवे काढू लागलो.

कोलशेतला वादळात मिठाचा एक मचवा बुडाला होता. तो हाकणारा तांडेल सापडला नव्हता. ओहोटीला आम्ही मचव्याखालून साखळ्या ओवून आगबोटीला ताणून बांधल्या, आणि भरती चढू लागली तशी आगबोट त्याला हळूहळू उचलू लागली. काठावर चिखलात तांडेलाची बायको चांगुणा आणि तिची सासू उभ्या होत्या. मचवा वर आला. मीठ केव्हाच विरघळलं होतं, नुसता गाळ उरला होता. मी आत उतरून तो हातांनी चाचपला.

"दादा, आत हाय का कोनी?" चांगुणानं विचारलं.

"नाही, बाई. कुणी नाही."

सासूनं हंबरडा फोडला. चांगुणा मात्र म्हणाली, "मंग तो कुठंतरी काठाला लागला असंल. येईल." आणि सासूला धरून ती घरी घेऊन गेली.

ती रडली नाही, याचं मला तेव्हा केवढं समाधान वाटलं होतं! पुढं कितीतरी वर्षं कुठलीही बोट कोलशेतला लागली की ती धक्क्यावर यायची आणि उतरणाऱ्या प्रत्येकाचा चेहरा बघायची. आता वाटतं, त्या दिवशी गाळात माझ्या हाताला तिचा नवरा लागायला हवा होता.