गावाचा मोडा आणि आमचा रविवार

रविवारी उपासनेला बसता तेव्हा तुम्ही खरोखर विसावता, की नुसतं काम थांबवून बसता?

हा प्रश्न विचारायचा मला हक्क नाही, तरी विचारतो. ही गोष्ट घडली तेव्हा मी विशीत होतो. पासलीच्या वरच्या अंगाला आमचं गाव आणि त्यात आमचं एकच ख्रिस्ती घर. वडील वारलेले, आई आणि मी. भोरच्या चर्चचे पाळकसाहेब महिन्यातून एकदा डोंगर चढून येत आणि माझ्यासाठी धर्मप्रचाराची पत्रकं आणत. ती मी अधाशासारखी वाचली होती. प्रत्येक पानावर मला एक शत्रू सापडे.

गावात सोमवारी मोडा असे. त्या दिवशी देवाच्या नावानं बैल मोकळे. कुणी त्यांच्या मानेवर जू ठेवायचं नाही. आई रविवार पाळायची आणि सोमवारीही बैल सोडून ठेवायची. मला ती शरणागती वाटे. त्या आषाढात एका सोमवारी सगळ्यांच्या देखत मी बैल जुंपले आणि आमच्या भाताच्या खाचरात लावणीआधीची चिखलणी केली. माझा देव तुमच्या देवाला भीत नाही, हे मला दाखवायचं होतं.

गाव एक शब्द बोललं नाही. पण भाताची लावणी आमच्याकडे सावडीनं होते: आज सगळ्यांनी तुमच्या खाचरात वाकायचं, उद्या तुम्ही त्यांच्या. बुधवारी आमची पाळी होती आणि कुणीच आलं नाही. आम्ही दोघं शनिवारपर्यंत वाकलो, तरी एक खाचर भरलं नाही. रोप पिवळं पडत चाललं. आणखी आठवडा गेला असता तर वर्षाचा भात गेला असता.

रविवारी प्रार्थना आटोपताच, रविवारच्या पावित्र्यावर घसा कोरडा करणारा मी इरलं उचलून निघालो.

"कुठं निगालास?"

"आये, रोप मरतंय."

"दिसतंय मला. बस हितं."

"मग खायचं काय वर्षभर?"

"त्ये त्याला ठावं. आज त्याला कामाला लाव, तू बस."

मी गेलोच. दुपारपर्यंत लावत राहिलो. मान वर केली तर ओळी वाकड्या, निम्मी रोपं पाण्यावर तरंगत होती. बांधावर बसलो. त्या दिवसापर्यंत माझी प्रत्येक प्रार्थना म्हणजे वकिली होती. त्या बांधावर मी एवढंच म्हणालो, माझ्यानं होत नाही. ना उजेड पडला, ना आवाज आला. पण मी ज्याचा कैवार घेऊन भांडत होतो, त्याला माझ्या कैवाराची गरज नव्हती. मलाच त्याच्या आडोशाची होती. तिथं भिजत बसलो आणि कित्येक महिन्यांनी माझ्या छातीतली घालमेल थांबली.

संध्याकाळी सावड ठरवणाऱ्या म्हाताऱ्याच्या ओट्यावर गेलो.

"आजा, चुकलं माझं."

"कुनाचा गुन्हा केलास? देवाचा का बैलाचा?"

म्हाताऱ्यानं आमच्या गोठ्याच्या दिशेनं बोट केलं.

"आमच्या देवाचं आमी बगू. पर चिखल तुडवून त्या मुक्या जित्राबाला आठवड्यातनं एक दिस मिळतो, त्यो बी तू खाल्लास. तुजी आये दोन दिस सोडती, आन शिकलेल्याला एक बी सुटंना व्हय?"

ओट्यावरची माणसं हसली. मला ते लागलं आणि पटलंही.

सोमवारी बैल गोठ्यातच राहिले. मंगळवारी पाच जण आले, सगळे नाही. तिसरा हिस्सा रोप फेकून द्यावं लागलं. त्या वर्षी आईनं नाचणीवर दिवस काढले; ते पाप माझं.

मी अजून भांडतो आणि जिथं अन्याय दिसेल तिथं भांडणारच. पण येत्या रविवारी तुम्ही एक करा. उपासनेहून घरी गेलात की तुमच्यासाठी जे कोणी राबत असेल, चुलीशी, शेतात, गोठ्यात, त्याचं काम आधी थांबवा. मग त्याच्या शेजारी बसा, आणि तेवढा वेळ देवाला काहीही पटवून देऊ नका.