रामभाऊ बाहेर आले नाहीत

पडदा वर जातो तेव्हा समोर बाग आहे. मागे दवाखान्याची लांबलचक पिवळी भिंत आणि तिच्यात जनरल वॉर्डाच्या खिडक्या. डाव्या अंगाला वॉर्डाचं मागचं दार, त्याखाली झिजलेल्या पायऱ्या. उजवीकडे लोखंडी फाटक, त्याला झेंडूच्या माळा आणि लाल फीत. फाटकापलीकडे मांडव घातलाय, तिथे कुणीतरी माईकमध्ये फुंकर मारतंय. आणि ऐन मधोमध, मोगऱ्याच्या आळ्यापाशी, हातात खुरपं घेऊन उकिडवा बसलेला एक माणूस. रामभाऊ शेवडे.

चेहऱ्यावर राग आहे. तो रंगवलेला नाही, रोजचाच आहे. रामभाऊ चिडलेले नसताना कसे दिसत, हे सांगू शकणारं माणूस इंदूरच्या परदेशीपुऱ्यात, मिलवाल्यांच्या त्या वस्तीत, शोधूनही मिळालं नसतं. त्यांच्या बायकोला, जनाबाईंना विचारलं तर त्या म्हणत, “लग्नात हसले होते एकदा. तेही फोटोवाल्यानं दमात घेतलं म्हणून.”

पण त्या रागाला जागा होती, ती सांगितलीच पाहिजे.

रामभाऊ मिलमध्ये कापड विणायच्या खात्यात जॉबर, म्हणजे कामगारांवरचे मुकादम होते. साच्यांचा, म्हणजे त्या मागांचा खडखडाट एवढा की शेजारच्याशी बोलायचं तरी ओरडावं लागे. त्यामुळे आवाज असा झाला होता की घरात मीठ मागितलं तर शेजारी वाटी घेऊन यायचे. इंदूरच्या मिलवाल्यांना वर्षात एक दिवस सोन्याचा, अनंत चतुर्दशीचा. प्रत्येक मिलची झांकी निघायची. लाकडाचा, पुठ्ठ्याचा, दिव्यांचा देखावा गाड्यावर चढवून मजूर तो शहरभर ओढत न्यायचे, आणि कुणाचा पहिला नंबर येतो यावर वर्षभर भांडायचे. ज्या वर्षाची ही गोष्ट, त्या वर्षी रामभाऊंच्या मिलनं पंख हलवणारा प्रचंड हंस केला होता. मॅनेजरनं स्वतः नारळ फोडला. “दो दिन की छुट्टी! जा, नंबर घेऊन या!”

आले नंबर घेऊन. बक्षिसाची ढाल डोक्यावर धरून, घसा बसेपर्यंत ओरडत मिलच्या फाटकाशी आले, तर फाटकाला कुलूप. आत एक माणूस नाही, सगळे बाहेर. स्वतःच्या पायांनी, ढोल वाजवत बाहेर पडलेले.

मग चावीच्या कथा सुरू झाल्या. चावी मोठ्या साहेबांकडे आहे. चावी वकिलाकडे गेली. चावी दिल्लीला गेली. टीव्हीवर सांगत होते की देशाची दारं आता उघडणार. परदेशीपुऱ्याला एकच दार ठाऊक होतं, आणि त्याच्यापुढे तो हंस पावसात भिजत उभा होता.

“आपण बाहेर यायलाच नको होतं,” रामभाऊ म्हणत. पोहे खाताना म्हणत, झोपेत म्हणत. “एक जण जरी आत राहिला असता ना भिया, एक जण! तर कुलूप लावताना त्यांचा हात थरथरला असता.”

अशात त्यांचा जोडीदार गजानन दवाखान्यात पडला. आयुष्यभर कापसाची धूळ ओढून छाती निकामी झाली होती. रामभाऊ त्याला बघायला गेले, आणि वॉर्डाच्या मागच्या दारातून डोकावले, तर बाहेर उकिरडा! मोडक्या खाटा, सलाइनच्या बाटल्या, गंजलेले पत्रे. खिडकीतून वारा येई तो त्या सगळ्याचा वास घेऊन.

“ह्याच्या छातीत आधीच कचरा भरलाय,” रामभाऊ वॉर्ड हलेल अशा आवाजात गरजले, “आणि तुम्ही खिडकीतून आणखी पाजता?”

वॉर्डाच्या सिस्टर सरोजिनी धावत आल्या. “हळू! इथे पेशंट आहेत!”

“म्हणूनच ओरडतोय!”

“मग ओरडण्यापेक्षा उचला ना. माझ्याकडे माणसं नाहीत.”

हे बोलणं झोंबलं. दुसऱ्या दिवशी रामभाऊ फावडं घेऊन हजर झाले. जनाबाईंनी दारातूनच हात जोडले. “घरात तुळशीला कधी तांब्याभर पाणी घातलं नाही, आणि निघाले बाग लावायला.”

रागानं माणूस भिंतीवर डोकं आपटतो, रामभाऊंनी रागानं जमीन खणली. मग एकेक करत मिलवाले येऊ लागले. घरी बसून बायकोची नजर टाळण्यापेक्षा हे बरं. दिवसपाळी, दुपारपाळी लागली. कुणी आला नाही तर त्याच्या जागी बदली. खुरपी मोजून घ्यायची, मोजून परत करायची. पगार नव्हता, एवढाच फरक. मोगरा आला, जास्वंद आली, फाटकावर मधुमालती चढली. भिजलेला हंस एक दिवस सगळ्यांनी मिळून ओढत आणला. त्याच्या गाड्याच्या फळ्यांची बाकं झाली. हंस मात्र कुणाला मोडवेना, तो तसाच जास्वंदीत बसवला. पोटावर टाके असलेल्या बायका त्याच्या पंखाला धरून चालायला शिकत. सिस्टर सरोजिनी दुपारी बाकावर बसून चपला काढत, डबा उघडत आणि तेवढा वेळ कुणाशीही बोलत नसत. आणि गजानन रोज दुपारी चाकांच्या खुर्चीतून बाहेर येई. आत त्याला श्वास म्हणजे ओझं, इथे जरा सुटा होई. “राम्या,” तो धापा टाकत म्हणे, “साला, मिलमध्ये पण एवढी हवा असती तर...” पुढचं खोकल्यात जाई.

दवाखान्याला नवे सेक्रेटरी आले, अशोकजी. गोड बोलणारे, पांढरे बूट. त्यांनी बाग बघितली आणि हरखून गेले. हरखलेला साहेब बघितला की रामभाऊंना नारळ फोडणारा मॅनेजर आठवे. पण अशोकजी म्हणाले, “रामभाऊजी, आपण तर चमत्कार केला! आम्ही तुमचा सत्कार करू, सगळ्या मित्रांचा. आणि तुम्हाला इथेच पगारी माळी ठेवू. वर्दी, हजेरी, सब पक्का.”

पगारी! जनाबाईंनी ते ऐकून देवापुढे साखर ठेवली. रामभाऊंनीही त्या दिवशी धुतलेला सदरा घातला.

आता आपण पुन्हा त्या पहिल्या देखाव्यात आलो. मांडवात खुर्च्या भरल्यात. मिलवाले पुढच्या रांगेत, केसांना तेल लावून, आधीच मिळालेल्या शाली खांद्यावर घेऊन. रामभाऊ मोगऱ्याला शेवटचा हात मारून निघणार, एवढ्यात मागच्या पायऱ्यांवर सिस्टर सरोजिनी उभ्या. चेहरा उतरलेला.

“रामभाऊ, मला आत्ता सांगितलंय. समारंभ झाला की हे दार मी आतून कायमचं बंद करायचं. फाटकालाही कुलूप. नव्या स्पेशल खोल्या झाल्यात ना, त्यांचं दार ह्या बाजूला काढलंय. बाग आता त्या पेशंटांसाठी.”

“आणि गजानन?”

“जनरल वॉर्डानं खिडकीतून बघायचं.”

रामभाऊंच्या हातातलं खुरपं मातीत रुतलं ते रुतलंच. फाटकातून अशोकजी हाका मारत होते, “चलिए रामभाऊजी! सगळे बाहेर आले, तुमचीच वाट बघतोय!”

सगळे बाहेर आले. ढोलताशाही तयार होता.

मांडवातून कुणीतरी ओरडलं, “अरे जॉबर, ये ना! शाल थंडी होतेय!” हशा पिकला. रामभाऊ उठले, चार पावलं चालले आणि हंसाशेजारच्या बाकावर मांडी घालून बसले.

“मी येत नाही.”

“अहो, पाहुण्यांची गाडी आली!”

“येऊ दे.”

“नोकरीचं विसरू नका, रामभाऊजी,” अशोकजी फाटकाच्या जाळीला तोंड लावून हळूच म्हणाले. गोडवा तोच, पण आता त्यात खडा होता.

“ठेव ती वर्दी खुंटीला!” रामभाऊंचा आवाज असा फुटला की मांडवातला माईक शिटी मारू लागला. “एकदा असाच ढोल वाजवत बाहेर आलो होतो मी! नंबर आणायला गेलो होतो! परत आलो तर कुलूप! आता लाव, मी आत असताना लाव! हात थरथरतो का बघू!”

गाडीचा हॉर्न वाजला. अशोकजींनी पहारेकऱ्याला खूण केली. पाहुण्यांनी फीत कापून कुलूप उघडायचं, असं ठरलेलं होतं, तेव्हा कुलूप तर हवंच. खट्ट. रामभाऊ आत.

ते मागे वळले. “सिस्टर, दार उघडा.”

सरोजिनी जागच्या हलल्या नाहीत. त्यांनाही नोकरी होती. घरी आई होती, धाकटा भाऊ होता. त्यांनी बाकाकडे पाहिलं, जिथे त्या दुपारी चपला काढून बसत. मग आत गेल्या, आणि दाराच्या दोन्ही फळ्या भिंतीला आपटल्या.

पेशंट बाहेर येऊ लागले. काठी टेकत, एकमेकांना धरत, एका हातात सलाइनची बाटली उंच धरून. सगळ्यांत पुढे खुर्चीतला गजानन. मांडवातले मिलवाले उभे राहिले. शाली खांद्यावरून उतरल्या आणि एकेक करत खुर्च्यांवर पडल्या.

पाहुणे होते अप्पासाहेब, राजवाड्याकडचे जुने देणगीदार. दिसायचं कमी, ऐकू यायचं त्याहून कमी. त्यांना आतला गोंधळ ठाऊक नव्हता. त्यांनी फीत कापली, अशोकजींनी दिलेली चावी फिरवली, फाटक ढकललं, आणि समोर फुलं, हंस आणि दवाखान्याच्या कपड्यांतली गरीब माणसं. म्हाताऱ्याचे डोळे भरून आले. त्यांनी माईक ओढला.

“वा! जनरल वॉर्डासाठी बाग! अशोकजी, मी समजत होतो तुम्ही श्रीमंतांचीच सोय बघता. आज सगळ्यांसमोर सांगतो, ही बाग ह्यांचीच राहील. माझी देणगी ह्यासाठी!”

टाळ्यांचा कडकडाट झाला. अशोकजीही वाजवत होते, दुसरं करणार काय? पांढऱ्या बुटांवर चिखल उडाला होता.

“आणि हे उभं करणारे शेवडे कोण?” अप्पासाहेबांनी विचारलं.

रामभाऊ पुढे आले. माती लागलेले हात तसेच. अप्पासाहेबांनी मोठ्या प्रेमानं ती चावी त्यांच्यासमोर धरली. “घ्या. आजपासून बागेची चावी तुमच्याकडे.”

फोटोवाला सरसावला.   रामभाऊंनी चावीकडे पाहिलं, मग फाटकाच्या कडीत उघडं लोंबणाऱ्या त्या कुलपाकडे. राग उतरला नव्हता. त्यांनी हात पुढे केला, पण चावीखाली नाही, फाटकाच्या दिशेनं, आणि साच्यांच्या खडखडाटावर जाईल अशा आवाजात म्हणाले, “चावी नको, अप्पासाहेब. कुलूप द्या.”