जिन्यातली जाळी

अकोल्यातल्या आमच्या इमारतीच्या जिन्याला सिमेंटची जाळी आहे. धूळ येते म्हणून सोसायटीने तिथे काच बसवायचं ठरवलं. मीही सही केली. काचवाले आले, तेव्हा तळमजल्यावर शिवणकाम करणाऱ्या सुमनताई जाळीसमोर ठाण मांडून बसल्या.

"धूळ मी झाडीन. वारा कुठून आणाल?"

सेक्रेटरी चिडले, पण त्या हलल्या नाहीत. काचवाले परत गेले.

मे महिन्यात ट्रान्सफॉर्मर जळाला आणि दोन दिवस वीज नव्हती. एसीसाठी बंदिस्त केलेली आमची घरं भट्टीसारखी तापली. दुसऱ्या दुपारी सेक्रेटरींची सून अकरा दिवसांचं बाळ घेऊन रडत जिन्यात आली. बाळ लालबुंद झालं होतं, दूध ओढत नव्हतं.

"बस इथे, बाई," म्हणत सुमनताईंनी जाळीवर ओल्या चादरी टांगल्या. बाहेरची झळ चादरींतून गार होऊन आत येऊ लागली. अर्ध्या तासाने बाळ दूध प्यायला लागलं. सेक्रेटरींनी हात जोडले.

"हात कसले जोडता? हापशावरून पाणी आणा, चादरी वाळतायत!"

मी सेक्रेटरींसोबत बादल्या वाहिल्या. विजेच्या तारेतून येणाऱ्या गारव्याच्या भरवशावर आपण आपली घरं किती निमूटपणे बुजवून घेतली, याची लाज वाटत होती.

संध्याकाळी मी बेडरूमची खिळे ठोकलेली खिडकी हातोडीने उघडली. थोड्या वेळाने वीज आली.

"बाबा, आता लावा ना ती खिडकी," मुलगी म्हणाली.

"नाही," मी म्हटलं. "ही आता उघडीच राहणार."