डार्लासाठी निवडलेली रायफल

पन्नाशीला टेकलेल्या डार्ला हॅगनची एकच हौस राहिली होती. ऑक्टोबरात डोंगरातल्या घरच्या शिकारीच्या तळावर जायचं आणि स्वतःच्या हातानं एल्क मारायचा. एल्क म्हणजे घोड्याएवढं हरीण. आमच्या वायोमिंगात ज्याच्या फ्रीजरमध्ये एल्कचं मटण नाही, त्याच्या घरून पाहुणेसुद्धा जरा लवकर उठतात.

हॅगनांचा तळ दरीच्या काठावर होता. जनावर पलीकडच्या उतारावर चरायचं, त्यामुळे गोळी अख्खी दरी ओलांडून घालावी लागायची. म्हणून डार्लाच्या बापाचा, ऑर्विलचा, जुना नियम होता: पाचशे वारांवर टांगलेली लोखंडी थाळी जो लागोपाठ तीनदा वाजवेल, तोच तळावर येईल. जखमी जनावर रानात सोडून येणाऱ्याला म्हातारा माणसात धरत नसे. नियमाबद्दल माझी काही तक्रार नाही. नियम चांगलाच होता.

ऑर्विलचा खुबा मोडला तेव्हापासून डार्ला त्याच्याजवळ राहायची. सकाळ-संध्याकाळ शाळेची बस चालवायची, मधल्या वेळात बापाचं बघायची. ऑक्टोबर आला की धाकटा भाऊ गार्थ मित्रांना घेऊन डोंगरावर जायचा आणि ही घरी. यंदा वसंतात तिनं जेवताना सांगून टाकलं, "मी या वर्षी लांबची नेमबाजी शिकणार. गार्थ, मला पहिली रायफल तू निवडून दे."

गार्थ एरवी तिला 'डार्ले' म्हणायचा. त्या दिवशी मात्र म्हणाला, "ताई, मी असताना तू दुकानात कशाला उभी राहतेस? अशी आणतो की बघत राहशील!"

बाप राजम्याच्या तिखट रश्श्यात दालचिनीचा रोल बुडवत होता. त्यानं मान वर केली नाही.

रायफल आली. दिसायला देखणी, उचलायला हलकी, आणि आत तीनशे मॅग्नमचं भलंदांडगं काडतूस. "पहिलीच अशी घ्यावी, की दुसरी घ्यावी लागू नये," गार्थ म्हणाला. हलक्या बंदुकीत भारी काडतूस घातलं की तिचा सगळा राग खांद्यावर निघतो, हे डार्लाला कोण सांगणार? आजवर तिच्या हातात ससे मारायच्या छोट्या बंदुकीपलीकडे काही पडलंच नव्हतं. तिनं डोळे मिटून भावावर विश्वास ठेवला.

आता आमच्या लोकांची एक खोड सांगतो. आमच्याकडे माणूस घोड्यावरून पडल्याचं सांगेल, बायको सोडून गेल्याचंही सांगेल, पण बंदुकीचा धक्का सोसत नाही हे मेला तरी सांगणार नाही. डार्लाही आमच्यातलीच. चाप ओढला की दस्ता खांद्यात घुसायचा, डोळ्यांपुढे काजवे चमकायचे, आणि ती शांतपणे पुढचं काडतूस भरायची. तोंड दाबून बुक्क्यांचा मार. भर जुलैत लांब बाह्यांचे शर्ट घालून तिनं ते काळेनिळे डाग झाकले. थाळी मात्र वाजेना. गोळी कधी हातभर खाली, कधी भलतीकडेच.

"वारा होता का गं?" गार्थ विचारायचा. मग हळूच, "नाही जमलं तरी काय बिघडतं? बाबांजवळ कुणीतरी लागतंच."

ऑगस्ट संपत आला. रविवारी थाळीची परीक्षा. डार्लानं मनातून हात टेकले होते.

गुरुवारी नेमबाजीच्या मैदानावर मेव्हिस होती. मैदानाची राखण करणारी ही म्हातारी फटकळ म्हणून गावात प्रसिद्ध. थोडा वेळ बघून ती म्हणाली, "दे इकडे. मी भरून देते."

डार्लानं नेम धरला, चाप ओढला. नुसता 'खट्' आवाज झाला. मेव्हिसनं आत रिकामं काडतूस सरकवलं होतं. गोळी सुटलीच नाही, तरी नळी दचकून वीतभर खाली गेली होती आणि डार्लाचे डोळे गच्च मिटले होते.

"बघितलंस?" मेव्हिस म्हणाली. "तू नेम चुकत नाहीस, बाई. तू मार चुकवतेस. ही तोफ तुझ्या गळ्यात कुणी मारली?"

"गार्थनं."

"कोणत्या गार्थनं? तुझ्या?" म्हातारी म्हणाली. "अगं, त्यानं आपल्या पोरीसाठी गेल्याच हिवाळ्यात घेतली ना रायफल! साडेसहा मिलिमीटरच्या लहान काडतुसाची, जड नळीची, गोगलगाईसारखी गरीब. इथेच शिकवली तिला. मला म्हणाला, 'शिकाऊ माणसाला धक्का बसला की तो कायमचा बिघडतो.'"

मेव्हिसनं आपली तशीच रायफल तिच्यापुढे ठेवली. डार्ला पालथी पडली, श्वास सोडला, चाप ओढला. क्षणभरानं लांबून आवाज आला: टण्. मग पुन्हा. मग पुन्हा. मेव्हिस टाळ्या वाजवत होती आणि डार्ला बंदुकीवर डोकं ठेवून रडत होती. उन्हाळाभर तिनं स्वतःला नालायक ठरवलं होतं. आणि सख्ख्या भावानं ते बघत केसानं गळा कापला होता.

ती तशीच गार्थच्या तबेल्यावर गेली. तो घोड्याला नाल ठोकत होता.

"तुला ठाऊक होतं," ती म्हणाली.

गार्थनं खूर सोडला. खोटं बोलायची त्याची तयारी दिसत होती, पण तिचा चेहरा बघून जमलं नाही. "मला कशाला बोलतेस? बाबांना विचार. त्यांनीच सांगितलं, हिला सोसणार नाही अशी आण."

ऑर्विल खिडकीपाशी बसला होता. डार्लानं रायफल टेबलावर ठेवली. सावकाश शर्टाची बटणं काढून खांदा उघडा केला.

"बाबा, हे तुम्ही केलंत?"

म्हाताऱ्यानं खांद्याकडे पाहिलं आणि नजर काढून घेतली. "तू डोंगरावर गेलीस की मला संडासात कोण नेणार? गार्थची बायको?"

"मग सरळ सांगायचं ना, 'डार्ला, जाऊ नकोस' म्हणून. मी राहिले असते. हसत राहिले असते, बाबा."

"तेच नको होतं," ऑर्विल म्हणाला. "मी मागायचं आणि तू द्यायचं. तुझं तुलाच जमलं नाही, म्हणून राहिलीस, तर कुणाचे उपकार नाहीत."

डार्लानं शर्टाची बटणं परत लावली. ज्या माणसाला ती रोज न्हाऊ घालत होती, त्यानं स्वतःची मान ताठ राहावी म्हणून तिला आपल्याच नजरेत खाली पाडलं होतं.

"रविवारी मी थाळी वाजवणार आहे," ती म्हणाली. "मेव्हिसची रायफल घेऊन. आणि ऑक्टोबरात जाणार आहे."

"आणि मी?"

"गार्थला विचारा. पण तोंडानं विचारा."

ती पडवीत आली. मैदानावर सरावाला जायचं म्हणून बुटांच्या नाड्या बांधायला बसली. एक बांधली, सोडली, पुन्हा बांधली. आतून एकदा नुसतं 'थांब' म्हणून आलं असतं, तर एवढं सगळं होऊनही ती थांबली असती. तशीच आहे ती. आत म्हाताऱ्याची खुर्ची करकरली. हाक आली नाही. डार्लानं दुसऱ्या नाडीची गाठ मारली आणि ती उठली.