पागेसाहेब आणि सत्तावीस मिनिटं

पागेसाहेबांची नि माझी पहिली भेट झाली तेव्हा मी चोर होते. निदान पंडितजींच्या मते तरी.

उज्जैनला राम घाटाजवळच्या एका ज्योतिषी पंडितजींकडे मी पंचांग टाइप करायला जात असे. छापखान्यात जायच्या आठवड्यातच पुढच्या वर्षाचं अख्खं पंचांग त्यांच्या कॉम्प्युटरवरून पुसलं गेलं. त्याच दिवशी मी नोकरी सोडत असल्याचं सांगितलं होतं, त्यामुळे चोर शोधायला कुणाला लांब जावं लागलं नाही. पंडितजी पोलिसात जायला निघाले. माझे बाबा शाळामास्तर, ते दोन दिवस नीट जेवले नाहीत. शेवटी पंडितजींच्या वकिलांनीच सुचवलं, आधी पुसलेलं शोधून काढणारा माणूस बोलवा.

पागेसाहेबांची लॅब देवास गेटला, औषधाच्या दुकानाच्या माडीवर. ते आले, चपला काढल्या, हात धुतले, रबरी मोजे चढवले आणि डिस्क बाहेर काढली. पंडितजींनी बघायला हात पुढे केला.

"हां हां, शिवू नका! डिस्क आता सोवळ्यात आहे."

जन्मभर हे वाक्य दुसऱ्यांना सुनावणाऱ्या पंडितजींचा हात हवेतच राहिला.

डिस्कची नक्कल करून त्यांनी मूळ डिस्क पाकिटात सीलबंद केली. "मूळ देव्हाऱ्यात, नक्कल स्वयंपाकघरात. चिरायचं, कापायचं ते नकलेला," हे त्यांचं ब्रीद मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं.

तिसऱ्या दिवशी ते पंचांग घेऊनच आले. सगळं परत मिळालं होतं. पण पुसल्याची वेळ निघाली चार पन्नास, आणि मी त्या दिवशी निघाले होते माझ्या मोबाइलवर बरोबर पाचला. सगळे माझ्याकडे बघायला लागले आणि मला रडू फुटलं.

"रडायचं नंतर, बेटा. आधी घड्याळ ताडून बघू."

पहिल्या दिवशी डिस्क काढल्यावर त्यांनी रिकामं मशीन चालू करून त्यातली वेळ आपल्या मोबाइलशी ताडून वहीत लिहिली होती. मशीन सत्तावीस मिनिटं मागे होतं. मी ते रोज बघत होते. मला वाटायचं, जुनं यंत्र, मागे पडत असेल.

पंडितजी मात्र उसळले. "पीछे नहीं है साहब! आपकी घड़ी तो रेलवे की है. ये उज्जैन का असली समय है, सूरज के हिसाब से. मैंने खुद मिलाया है."

"म्हणजे पुसलं पाच सतराला," पागेसाहेब शांतपणे म्हणाले. "तब यहाँ कौन था?"

स्वयंपाकघरातून पंडिताइनींचा आवाज आला, "और कौन? आप ही तो बैठे थे! बोले, पुराना कचरा साफ कर रहा हूँ."

पंडितजींनी माझ्या बाबांची घरी येऊन माफी मागितली. मी दुसऱ्याच आठवड्यात पागेसाहेबांकडे कामाला लागले आणि अकरा वर्षं तिथेच राहिले. माणूस अवघड होता. घरी पोह्यांची बशी समोर आली की आधी फोटो काढायचा, मग चमचा उचलायचा; काकू म्हणायच्या, "याच्यावर पण केस चालणार आहे का?" बारशाला गेले तर पाळण्यात डोकावण्याआधी विचारणार, "जन्मवेळ कुठल्या घड्याळाची?" लोक हसायचे. मी कधी हसले नाही. खोटं कशाला सांगू, हसायचे, पण हळूच.

मागच्या उन्हाळ्यात ते घरीच गेले. डॉक्टरांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघून वेळ लिहायला पेन टेकवलं, आणि काकूंचा हात धरून उभी असलेली मी म्हणाले, "थांबा." डॉक्टर चमकले. मी मोबाइल काढून ताडून बघितलं. काकू रडता रडता म्हणाल्या, "बघ गं बाई, नीट बघ. नाहीतर चिडतील."

भिंतीवरचं घड्याळ सहा मिनिटं मागे होतं.

साहेब सहा मिनिटं जास्त जगले होते, आणि ते मी कागदावर लिहून घेतलं.