एक कोयता

पुण्यात पाण्याच्या टाक्या धुवायचा धंदा आहे माझा. टाकीला दोन माणसं लागतात, एक आत आणि एक वर दोरी धरायला. एकट्याला मी उतरू देत नाही, गिऱ्हाईक कितीही ओरडो. पण ही दोन माणसं टिकवता टिकवता माझ्या नाकी नऊ आले. पोरं यायची, सगळा पगार खोलीभाड्यातच जातो म्हणून पळायची. त्यात सड्याफटिंगांना कुणी खोली देत नाही. एक गेला की दुसरा बिनकामाचा.

गेल्या उन्हाळ्यात दोघंही एकदमच गेले, तेही एका मोठ्या सोसायटीचं वर्षभराचं काम हातात असताना. ते सुटलं असतं, तर दुकानाला कुलूप लावून मी गावी दिंद्रुडला परतणार होतो.

तेलगावच्या मामांना फोन लावला. मामा ऊसतोडीचे मुकादम, टोळ्या जमवण्यात हयात गेलेली.

"मामा, दोन माणसं पायजेत. कसं बी करा."

"दोन म्हंजी येक कोयता. देतो की!"

"हो हो, एकच द्या," मी घाईत म्हणालो.

तेलगाव फाट्यावर गाडी घेऊन गेलो, तर मामांशेजारी नवरा-बायको उभे! माझं डोकंच सणकलं.

"मामा, बाई कावून आणली? टाकीत काय बाईला उतरवू?"

"अबे, कोयता म्हंजी काय? नवरा-बायको! पुण्याला गेलास अन् इसरलास व्हय?"

घ्या! जन्मापासून ऐकलेला शब्द, आणि मी आपला फोनवर हो हो करतोय. बाई तोवर गाडीत बसलीसुद्धा होती. आतूनच म्हणाली, "डोक्यावर उसाची मोळी घिऊन फळीवरनं टरकात चढते मी दादा, टाकीचं काय सांगता?"

सोसायटीच्या सेक्रेटरींनी विचारलं, "फॅमिली आहे का?" आणि पंपाजवळची रिकामी खोली देऊन टाकली. हीच खोली माझ्या आधीच्या पोरांना त्यांनी दोनदा नाकारली होती.

बाई आत, नवरा वर. दोघं इतकी भांडायची की टाकी घुमायची. दोरी मात्र कधी ढिली पडली नाही. मी लई खूश होतो.

दसऱ्याला दोघं गावी गेली. त्यांची लेक तिथं आजीपाशी असते. जाताना दोघं "येतो" म्हणाली. पण ऊसतोडीच्या टोळ्याही तेव्हाच निघतात, आणि 'येतो' म्हणून गेलेले मी कमी पाहिलेत का? मला करमेना. शेवटी स्वतःच तेलगाव फाट्यावर जाऊन उभा राहिलो. भांडीकुंडी लादलेले ट्रक एकामागून एक चालले होते.

टोळ्या रवाना करायला मामा तिथंच होते. हसून म्हणाले, "माझा कोयता पळवलास, अन् वर न्यायला बी आलास!"

तेवढ्यात दोघं आली. मध्ये लेक, पाठीला दप्तर.

"ही कुठं निघाली?" मी विचारलं.

"आता न्हाई ठिवायची हितं," बाई म्हणाली. "तिकडं खोलीपाशीच शाळा हाय. मी बघून ठिवलीय." मग म्हणाली, "खोली तेवढी ल्हान पडंल, दादा."

पुण्यात खोली शोधायची म्हटलं की एरवी माझ्या कपाळाला आठी पडते.

"बघू की मोठी," मी म्हणालो, आणि पोरीला पुढच्या सीटवर बसवलं.